दारापाशी दोन ठिपके

३ फेब्रुवारी

कामावर मी दिवसभर लिहीतच असते, पण तिथे फक्त खेळातल्या चुका लिहायच्या. कुठल्या पडद्यावर काय बिघडलं, कशामुळे बिघडलं, मुद्दाम पुन्हा बिघडवता येतं का. माझ्या मनात काय बिघडलं ते लिहायला तिथे रकाना नाही. तो इथे आखून घेते.

माझं काम घरी नीट कुणाला सांगता आलेलं नाही. शाळा पुरी करणारी मी आमच्या घरातली पहिली, त्यामुळे मी करते ते मोठंच काहीतरी असणार, असं सगळे धरून चालतात. काका तर ओळखीपाळखीत सांगतात, ‘पोरगी तपासणी खात्यात आहे.’ खातं म्हणजे टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. त्यात मालक, डाव्या आणि मी. मालकांच्या वडिलांचं कधीकाळी व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. कपाटाएवढाली ती जुनी यंत्रं गोदामात पडून होती. आता त्यांच्यातले खेळ बाहेर काढून फोनवर खेळता येतील असे करायचे आणि विकायचे. डाव्या कोड लिहितो. डाव्या हाताने लिहितो म्हणून डाव्या. मी जुना खेळ आणि नवा खेळ शेजारी शेजारी ठेवून खेळते आणि फरक पकडते. माझ्या तावडीतून काही सुटत नाही म्हणून दोघं मला चाळणी म्हणतात.

आज नवं यंत्र उघडलं. खेळाचं नाव ‘दिव्यांची वाट’. वरून पाहिलेला भूलभुलैया, निळ्या भिंती. खालच्या दारातून एक छोटा पांढरा यात्रेकरू आत येतो, मान खाली घातलेला. वाटेवर विझलेले दिवे. तो ज्याच्यावरून जाईल तो दिवा पेटतो. चार पंखवाले त्याच्या मागावर असतात. त्यांना तोंड नाही, नुसते डोळे आणि पंख. त्यांनी शिवलं की पडदा पांढराफटक होतो, एकदा घंटा वाजते आणि यात्रेकरू पुन्हा दारापाशी. मधोमध एक बंद खोली आहे, तिच्या भिंतीच्या फटींतून उजेड येतो. सगळे दिवे लागले की तिची एक भिंत उघडते. माणूस आत धावतो, चौघं तिथे येतात, घंटा वाजते, आणि खेळ पहिल्यापासून सुरू होतो, आधीपेक्षा जोरात.

मालक म्हणाले, “आमचे वडील म्हणायचे, या खेळाला शेवट नाही. देव भेटत नाही आणि माणूस सुटत नाही.”

संध्याकाळी दवाखान्यात. बाबांच्या पोटाच्या दोन शस्त्रक्रिया झाल्या, तरी ताप उतरत नाही. बाबा गवंडी. उताणे पडून छताकडे बघत होते. मला म्हणाले, “हा गिलावा कुणी केलाय गं? माझ्या हाताखाली असता तर त्याला पहिल्या दिवशीच हाकलला असता. आजारी माणसाला दिवसभर हेच बघायचं असतं, एवढी तरी अक्कल?”

५ फेब्रुवारी

खेळाची चित्रं साफ करायला घेतली. जुन्या यंत्रात चित्राला कुठे कुठे घाण चिकटलेली असते. मधेच एखादा रंग सांडतो, एखादी रेघ तुटते. दाराच्या आत डाव्या हाताला एक कोनाडा आहे. तिथे दिवा नाही, त्यामुळे तिकडे जायचं कुणाला कारणच नाही. त्या कोनाड्यात दोन तपकिरी ठिपके आहेत. मी लिहिलं : ‘दारापाशी दोन ठिपके. डाग. काढावेत.’ डाव्याने काढले.

“तू देवाच्या दारात गेलीस तरी आधी बिजागऱ्या तपासशील,” तो म्हणाला.

बाबांच्या खाटेखाली त्यांच्या चपला होत्या. दवाखान्याची फरशी पुसतात त्या पाण्याचा रंग मी पाहिला आहे. चपला पिशवीत घालून घरी आणल्या. ब्रशने घासल्या. पट्ट्यांवर जुनं सिमेंट होतं, दगडासारखं झालेलं, तेही सुरीच्या टोकाने काढलं. वाळवून, कागदात गुंडाळून कपाटावर ठेवल्या. दिवसभरात एवढं एकच काम पुरतं झालं असं वाटलं.

६ फेब्रुवारी

बाबांनी आज सगळ्यात आधी हेच विचारलं. “माझ्या चपला कुठेत?”

मी सांगितलं, धुऊन घरी ठेवल्यात.

“घरी?”

“तुम्हाला खाटेवरून उतरायची परवानगी नाही बाबा. इथे ठेवून काय करायच्या?”

“ते खरंच,” म्हणाले. थोड्या वेळाने खाली वाकून खाटेखाली बघायला लागले. मी म्हटलं, काय हवंय? म्हणाले, काही नाही. टाके ओढले जातात म्हणून मी रागावले. मग वाईट वाटलं, बसमध्ये तेच घोळत राहिलं.

१० फेब्रुवारी

मालकांनी आज मला समोर बसवलं. त्यांना एक धास्ती आहे. पंखवाले म्हणजे देवदूत, हे कुणालाही कळतं. देवदूतच माणसाच्या मागे लागतात आणि ऐन देवाच्या खोलीत त्याला गाठतात, हे बघून लोक भडकले तर?

“तुमच्या घरी देवाधर्माचं आहे. तू सांग, कशाकशाला हरकत येईल? तू म्हणशील ते काढू. देवदूतांच्या जागी वटवाघळं टाकू. दिव्यांच्या जागी गोळ्या. मधल्या खोलीत खजिना.”

“पण मी कोण सांगणारी?”

“तू चाळणी. गेलं ते गेलं, राहिलं ते राहिलं.”

डाव्या मागून म्हणाला, “वटवाघळं मी छान काढतो.”

घरी देवाधर्माचं आहे म्हणजे आई रोज प्रार्थना करते आणि मी तिच्याहून जास्त वेळा करते, कारण एकदा केलेली नीट झाली की नाही याची मला खात्री नसते. बाबा कधीच करत नाहीत. म्हणतात, “मी भिंत सरळ बांधतो, त्याला दिसते.” लहानपणी मला याची भीती वाटायची. प्रार्थनेत त्यांचं नाव मी दोनदा घ्यायचे, त्यांच्या वाटणीचं.

खेळाबद्दल मला खरोखरच वाटतं, की देवदूत वाईट दाखवणं बरोबर नाही. पण ते काढून वटवाघळं टाकणं म्हणजे दुसऱ्या कुणाच्या प्रार्थनेतले शब्द बदलण्यासारखं आहे. ज्याने हा खेळ केला तो आता हयात नाही. त्याला विचारता येत नाही. दिवसभर तळ्यात मळ्यात करून मी काहीच लिहिलं नाही. मालकांनी आठवडाभराची मुदत दिली आहे.

१२ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंनी आईला आणि मला आपल्या खोलीत बोलावलं. बसा म्हणाल्या तेव्हाच मी समजले. उभ्याने सांगण्यासारखं असतं तर बसवलं नसतं.

तिसरी शस्त्रक्रिया करता येईल. झाली चांगली तर काही महिने मिळतील. कदाचित बाबा टेबलावरून उठणारही नाहीत. नाहीतर घरी न्यायचं. दुखू नये म्हणून औषध देतील, परिचारिका घरी येऊन बघून जाईल. मग जेवढे दिवस असतील तेवढे.

मी विचारलं, “यातलं बरोबर कुठलं?”

त्या म्हणाल्या, “दोन्ही बरोबर. यात चूक असं काही नाही.”

हे वाक्य मला सगळ्यात जास्त भीतीचं वाटलं. चूक नसेल तर मी शोधू काय?

त्यांनी बाबांनाही सगळं समजावून सांगितलं, माझ्यासमोर. बाबांनी शांतपणे ऐकलं, मग माझ्याकडे बोट केलं. “ही शिकलेली आहे. ही सांगेल ते.” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “पण तुम्हाला काय वाटतं?” बाबा हसले. “मला वाटतं हा गिलावा पावसाळ्याच्या आत पडणार.”

दहा वर्षांची असल्यापासून घरातला प्रत्येक कागद माझ्यासमोर येतो. विजेचा, शाळेचा, जागेचा. सगळे गोल करून बसतात आणि मी वाचते. वाचून झालं की सगळे माझ्या तोंडाकडे बघतात, जणू कागदात लिहिलेलं मीच ठरवलं आहे.

१३ फेब्रुवारी

बाबांच्या आजाराबद्दल मिळेल ते सगळं वाचते आहे. शंभरात इतके वाचतात असं लिहिलेलं असतं. उरलेल्यांचं पुढे काही लिहीत नाहीत.

कामावर लक्ष लागेना म्हणून नुसतीच खेळत बसले. एक गंमत दिसली. पंखवाले दाराच्या बाजूने कधीच येत नाहीत. मी मुद्दाम दाराकडे पाठ करून थांबून पाहिलं. मागून येऊन सहज गाठता आलं असतं. पण चौघं लांबचा वळसा घालून मधली खोली आणि यात्रेकरू यांच्या मधे येऊन उभे राहतात. दाराकडची वाट नेहमी मोकळी. मी दाराकडे चालायला लागले की त्यांचा वेगही कमी होतो.

डाव्याला दाखवलं. तो म्हणाला, “बनवणाऱ्याला पाठलाग जमला नसेल. कच्चं काम.” मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, “जेवलीस का तू?” मी म्हटलं, विसरले. त्याने आपला डबा पुढे सरकवला आणि त्याला भूक नाही म्हणाला. त्याला कधी भूक नसते असं मी अजून पाहिलेलं नव्हतं. बरं नसावं त्याला.

१५ फेब्रुवारी

काका आले होते. खुर्चीच्या टोकावर बसून बोलत होते, बाहेरचा पाहुणा आल्यासारखे.

“तू ठरव बाई. आम्ही अडाणी माणसं. उद्या लोक म्हणायला नकोत, भावाने सांगितलं म्हणून असं झालं.”

“आणि मी सांगितलं म्हणून झालं तर?”

“तू शिकलेली आहेस ना,” काका म्हणाले. त्यांच्या मते उत्तर देऊन झालं होतं.

ते गेल्यावर मी शस्त्रक्रियेचा संमतीचा कागद आईला मोठ्याने वाचून दाखवला. प्रत्येक धोक्याचा अर्थ सांगितला. आई शिवणयंत्रापाशी बसून ऐकत होती, पाय पायडलवर, पण यंत्र चालू नव्हतं.

“सगळं वाचलंस?”

“सगळं.”

“त्यात घरी न्यायचं कुठे लिहिलंय का?”

“ते या कागदात नसतं आई. त्याचा वेगळा असतो.”

“तो आणलास?”

आणला नव्हता. मागायचं सुचलंच नव्हतं.

मग आईने विचारलं, “त्यांच्या चपला का नेऊन देत नाहीस?” मी तेच सांगितलं, की चालायची परवानगी नाही, आणि मी त्या धुऊन ठेवल्यात. “सिमेंटसुद्धा काढलंस?” आई म्हणाली. मला वाटलं, तिला आवडलं. तिने स्टूल घेऊन कपाटावरचं पुडकं खाली काढलं आणि चपला दारात ठेवल्या. ती स्वयंपाकघरात गेल्यावर मी त्या उचलून पुन्हा वर ठेवल्या. दारात धूळ बसते.

मी सही करणार आहे. ठरलं. उद्या नाही, पण परवा नक्की. केलं नाही तर आयुष्यभर वाटत राहील की एक वाट होती आणि मी ती चालून पाहिली नाही. सगळे दिवे लावून मधली भिंत उघडलेली असताना कुणी मागे वळतं का?

१७ फेब्रुवारी

सही केली नाही. डॉक्टरीणबाई नव्हत्या, असं मी घरी सांगितलं. त्या होत्या. मी त्यांच्या खोलीच्या बाहेर बाकावर बसून परत आले. हे खोटं इथे लिहून ठेवते.

बाबांना ग्लानी होती. जागे झाले तेव्हा विचारलं, “आपल्या दाराचा उंबरा हलतोय अजून?” मी म्हटलं, हलतो. म्हणाले, “त्याला खालून पाचर मारायची राहिली.” मग पुन्हा, “चपला आणल्यास?” मी खोलीबाहेर जाऊन पाणी प्यायले. औषधांमुळे माणूस एकाच गोष्टीवर अडकून पडतो, असं वाचलं आहे.

कामावर डाव्याने हाक मारली. “चाळणे, इकडे ये, तुझ्या कामाचं आहे.”

जुन्या कोडमध्ये त्याला काही ओळी सापडल्या होत्या, ज्यांच्यापर्यंत आमचा खेळ कधी पोचतच नाही. मेलेल्या ओळी. त्या काढून टाकू का, एवढंच त्याला विचारायचं होतं. मी म्हटलं, आधी त्या काय करतात ते सांग. त्याने समजावलं. पडद्याच्या प्रत्येक चौकटीतल्या चित्राला एक नंबर असतो. या ओळी फक्त एवढंच विचारतात, की सगळे दिवे लागल्यावर यात्रेकरू अमुक नंबरच्या चित्रावर उभा आहे का?

“मग?”

“मग काही नाही. त्या नंबरचं चित्रच आपल्या खेळात कुठे नाही.”

“आधी होतं का?”

त्याने शोधलं. मग पडद्यावर बोट ठेवलं. त्याच्या बोलण्यात नेहमीचा चेष्टेचा सूर नव्हता.

“होतं. तुझा डाग. दारापाशी दोन ठिपके.”

मी खुर्चीत बसले. डाग म्हणून मीच लिहिलं होतं. माझ्याच अक्षरात आहे, ‘काढावेत’. चित्र मोठं करून पाहिलं. एवढं मोठं केल्यावर दिसतं, की दोन ठिपके सारखे नाहीत. एक दुसऱ्यापेक्षा जरा पुढे आहे, काढताना माणसाची एक चप्पल मागे राहते तसा.

१८ फेब्रुवारी

आज जुन्या यंत्रावरच खेळले. तिथे ठिपके अजून आहेत. डाव्या माझ्या मागे उभा होता, मालकही दुपारचा चहा हातात घेऊन आले.

सगळे दिवे लावले. मधली भिंत उघडली, उजेड बाहेर सांडला. माझा हात सवयीने तिकडेच वळत होता. दांडा उलटा ओढायला जोर लावावा लागला, आणि यंत्र जुनं आहे म्हणून नव्हे. आत न जाणं म्हणजे हरणं, असंच वाटत होतं.

यात्रेकरू दाराकडे निघाला. चौघं मागून आले. पण धावले नाहीत. त्याच्या चालीने चालत होते. वाटेत एका वळणावर मी घाबरून थांबले, तर तेही थांबले. कोनाड्यापाशी पोचले. आजवर कुणी त्या कोनाड्यात गेलं नसावं, जायला तिथे काही नव्हतंच. यात्रेकरू ठिपक्यांवर उभा राहिला आणि ठिपके नाहीसे झाले. त्याचे पाय तपकिरी झाले.

दार उघडलं. तो बाहेर गेला आणि पडद्याच्या खाली दिसेनासा झाला. चौघं दाराच्या दोन बाजूंना दोन दोन उभे राहिले, पंख मिटून. आत सगळे दिवे जळत होते. घंटा वाजली नाही. गुण आले नाहीत, ‘खेळ संपला’ असंही आलं नाही. दार उघडंच राहिलं.

“एवढंच?” डाव्या म्हणाला. पण तो जागचा हलला नाही.

मालकांनी चहा यंत्रावर ठेवला. एरवी यंत्रावर कप ठेवला तर ते ओरडतात. “वडिलांनी हयात घालवली या यंत्रापाशी,” म्हणाले, “आणि हे त्यांनी पाहिलं नाही.” मग माझ्याकडे वळले. “मग चाळणी? वटवाघळं?”

“नकोत.”

“अगं, देवदूत माणसाला मारतात म्हणून कुणी भांडायला आलं तर?”

“ते मारत नाहीत. ते त्याला दारापाशी आणून सोडतात. पहिल्यापासून तेच करत होते. आपल्याला तो मार वाटत होता. कुणी आलं भांडायला तर माझ्याकडे पाठवा.”

“बिचारा,” डाव्या म्हणाला. “चपला हातात घेऊन पळेल.”

मी हसले, आणि मग मला रडू यायला लागलं. का ते नीट सांगता येत नाही. दोघांना वाटलं, मी डाग लिहिला त्याचं वाईट वाटतंय. डाव्या म्हणाला, “अगं, ठिपके परत टाकले मी कालच. चुकलं तर चुकलं, परत टाकता येतं.” त्याने रुमाल दिला. इस्त्रीचा होता. त्याच्याकडे इस्त्रीचा रुमाल कसा, हे मी अजून विचारलेलं नाही.

घरी आल्यावर आईला म्हटलं, उद्या तो दुसरा कागद मागते. आईने विचारलं नाही कुठला.

१९ फेब्रुवारी

सकाळी कपाटावरचं पुडकं काढलं. चपला फार स्वच्छ दिसत होत्या, दुकानातल्यासारख्या. सिमेंट परत लावता येत नाही. पिशवीत न घालता हातातच घेऊन बसमध्ये बसले. शेजारची बाई जरा सरकून बसली.

बाबा जागे होते. मी चपला खाटेखाली ठेवल्या. त्यांनी वाकून पाहिलं.

“या कुणाच्या?”

“तुमच्याच.”

एक उचलून हातात घेतली, अंगठ्याची खळगी बोटाने चाचपली, मग पट्ट्याला स्वतः मारलेला खिळा. “घासून घासून पार नवरदेवाच्या केल्यास की गं.” मग म्हणाले, “मला बसव.”

आईने एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या बाजूने. खाटेच्या कडेवर बसून त्यांनी पाय खाली सोडले. पाय सुजले होते, चपला घट्ट झाल्या. तरी घातल्या. पावलं फरशीवर सरळ टेकवली आणि बराच वेळ नुसते बसून राहिले. कामावरून आल्यावर ओट्यावर बसायचे तसे.

मी मनातल्या मनात वाक्य जुळवत होते. बाबा, डॉक्टर म्हणतात की. बाबा, दोन्ही वाटा बरोबर आहेत, पण.

“चल,” बाबा म्हणाले.

मी अजून काही विचारलंच नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी घरी न्यायचा कागद समोर ठेवला. मी तो दोनदा वाचला. तिसऱ्यांदा वाचायला घेतला तेव्हा त्यांनी टोपण काढून पेन माझ्या हातात दिलं. बाबांना चाकांच्या खुर्चीत आणलं होतं. माझी सही करून झाली तशी त्यांनी मान लांब करून पाहिली. त्यांना वाचता येत नाही, पण माझी सही ते ओळखतात, गवंड्याच्या डोळ्याने.

“शेवटची रेघ कुठाय? नेहमी लांब ओढतेस ती?”

ती राहूनच गेली होती. मी ओढली.

“आता बरोबर,” म्हणाले.

पण मला अजून माहीत नाही बरोबर आहे का. मी त्यांना घरी आणते आहे की सोडून देते आहे? सकाळपासून दोन्ही वाक्यं म्हणून पाहते आहे. दोन्ही खरी वाटतात.

२१ फेब्रुवारी

बाबांना आज घरी आणलं. खाट खिडकीपाशी लावली. आल्या आल्या त्यांनी बाजूच्या भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक केलं. “ऐक. कुठे पोकळ वाजते का बघ. ही मी केलेली.” मला सगळी भिंत वाजवायला लावली. कुठेच पोकळ वाजली नाही.

चपला त्यांनी दारातच काढल्या होत्या, नेहमीच्या सवयीने. एक सरळ, दुसरी जरा मागे.

काका आले, आणि आज खुर्चीत मागे टेकून बसले. उंबऱ्याला पाचर मारायची म्हणून हातोडी घेऊन आले होते. बाबा खाटेवरून सूचना देत होते आणि काका रागावत होते. “तू आजारी आहेस ना? मग आजाऱ्यासारखा पड की!” बाबा इतके हसले की पोट धरून गप्प झाले, आणि काकांची हातोडी हवेतच थांबली. मग बाबांनीच मान हलवली, ठोक पुढे.

मी औषधाच्या वेळा लिहून भिंतीला चिकटवायला गेले. आई म्हणाली, “भिंतीला नको.” मी कपाटाला चिकटवल्या.

२६ फेब्रुवारी

खेळ बाजारात गेला. माझ्या नोंदीत शेवटची ओळ ‘दारापाशी दोन ठिपके. आहेत तसे ठेवावेत.’ मालकांना शेवटाबद्दल जाहिरातीत सांगायचं होतं. मी म्हटलं, नको, ज्याला परत फिरावंसं वाटेल त्यालाच सापडू दे.

डाव्या संध्याकाळी घरी आला. म्हणाला, याच बाजूला काम होतं. आमच्या बाजूला त्याचं काय काम असणार, कोण जाणे. बाबांच्या खाटेपाशी बसून त्यांना फोनवर खेळ दाखवला. बाबांनी चष्मा लावून पाहिला. म्हणाले, “भिंती सरळ आहेत.” यापेक्षा जास्त ते कुणाला देत नाहीत. डाव्या गेल्यावर मला विचारलं, “पोरगा डावखुरा का? थापी डाव्या हातात धरणारा कोपरा सुंदर काढतो.” मी म्हटलं, तो भिंती बांधत नाही बाबा. ते आईकडे बघून हसले. दोघं कशाला हसली ते मला सांगितलं नाही.

११ मार्च

बाबा गेले, त्याला आता आठवडा होईल. दुपारची वेळ होती, खिडकी उघडी होती, आई त्यांच्या पायांपाशी होती. मी पाणी आणायला उठले होते. पेला घेऊन परत आले तेव्हा आईने हात वर करून मला थांबवलं. पेला हातात धरून मी तशीच उभी राहिले. दुखत नव्हतं त्यांना, हे परिचारिकेने पुन्हा पुन्हा सांगितलं, मी पुन्हा पुन्हा विचारल्यामुळे.

इतके दिवस लिहिलं नाही. मला सारखी चूक शोधावीशी वाटते. ती तिसरी शस्त्रक्रिया मी रोज एकदा मनातल्या मनात करून पाहते. कधी ते वाचतात, कधी नाही. पण वाचतात तेव्हाही पुढे मला ते दवाखान्यातल्या त्या छताकडे बघतानाच दिसतात, आणि विचारतात, चपला कुठेत? त्याच्या पुढे मला जाता येत नाही.

काल रात्रीच्या प्रार्थनेत त्यांचं नाव एकदाच घेतलं. चुकून. मग आठवलं, पण दुसऱ्यांदा घेतलं नाही.

आज पहिल्यांदा सगळं घर झाडलं. त्यांची खाट हलवली, औषधांचा कागद कपाटावरून काढला. दारापाशी आले. चपला तशाच होत्या, एक सरळ, एक जरा मागे. उंबऱ्याची पाचर मारली त्या दिवसाची सिमेंटची पूड त्यांच्यावर बसली होती.

आई शिवणयंत्रावरून बघत होती. यंत्र थांबलं होतं.

मी चपला उचलल्या नाहीत. त्यांच्या भोवतीने झाडून घेतलं.